दोषनिवेदन : एक उपेक्षित लेखनप्रकार आणि भारतीय भाषांचे मौन

साहित्यप्रकारांचा विचार करताना समीक्षेची दृष्टी बहुधा जे लेखन स्वतःला साहित्य म्हणवून घेते त्यावरच खिळलेली असते. अर्ज, तक्रार, ताकीदपत्र, महजर, करीना अशा व्यवहारोपयोगी लेखनाकडे ती वळते, पण फार उशिरा. ज्या व्यवहारासाठी ते लेखन झाले तो व्यवहारच संपुष्टात आल्यानंतर. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पेशवाई जाऊन ऐंशी वर्षे लोटली होती. तोवर त्या कागदपत्रांतील गद्य हे गद्य म्हणून वाचावे असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. आजही एक व्यवहारोपयोगी लेखनप्रकार जगभर रोज लिहिला जात आहे, त्याचे संकेत ठरत आहेत आणि मोडतही आहेत. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी मात्र त्याची दखल घेतलेली दिसत नाही. संगणकाच्या व्यवहारात ज्याला 'बग रिपोर्ट' म्हणतात, तो हा प्रकार. मराठीत त्याला दोषनिवेदन म्हणता येईल. या उपेक्षेची किंमत अखेर भारतीय भाषांच्या अक्षरांनाच मोजावी लागते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी एकच उदाहरण घेणे सोयीचे होईल. 'गिम्प' ही मुक्तस्रोत चित्रसंपादन-आज्ञावली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली लिहावयास घेतली. तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ च्या आरंभी आली, १.० ही आवृत्ती १९९८ साली, २.० ही २००४ साली आणि ३.० ही मार्च २०२५ मध्ये. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते. ती विनामूल्य मिळते. मात्र तिच्या परवान्यात कोणतीही हमी दिलेली नसते. हा शेवटचा मुद्दा वरवर कायदेशीर वाटला तरी लेखनप्रकाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. विकत घेतलेल्या वस्तूविषयी ग्राहक तक्रार करतो तेव्हा त्याच्यामागे पैशाचा आणि कायद्याचा अधिकार उभा असतो. गिम्पविषयी दोषनिवेदन लिहिणाऱ्याजवळ असा कोणताही अधिकार नसतो. त्याचे सारे बळ त्याच्या लेखनात असते. निवेदन वाचणारा बहुधा स्वेच्छेने काम करणारा असतो आणि ते वाचण्यास तो बांधील नसतो. तेव्हा दोषनिवेदन हे ग्राहकाच्या तक्रारीपेक्षा वाचकाने संपादकास लिहिलेल्या पत्राला अधिक जवळचे आहे.

या प्रकाराचा आकृतिबंध कमालीचा काटेकोर आहे. प्रथम शीर्षक, मग आज्ञावलीची आवृत्ती आणि संगणकाची कार्यप्रणाली. त्यानंतर दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, एकामागून एक. त्यानंतर काय घडणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले. शेवटी पुरावा म्हणून स्क्रीनशॉट किंवा मूळ चित्र. विशेषणांना येथे जागा नाही. 'मजकूर नीट दिसत नाही' हे वाक्य कितीही कळवळून लिहिले तरी निरुपयोगी ठरते. 'अमुक टंकात, अमुक आकारात, ही चार अक्षरे या क्रमाने टाइप केली असता तिसरे अक्षर दुसऱ्याच्या आधी दिसते' हे वाक्य उपयोगी ठरते. लिहिणाऱ्याचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा पुन्हा घेता आला पाहिजे, ही या लेखनाची एकमेव कसोटी. भारतीय काव्यशास्त्राने साधारणीकरणाची जी अपेक्षा काव्याकडून केली, तिचा अगदी रुक्ष, यंत्रवत अवतार येथे आढळतो असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये. अनुभव वैयक्तिक राहिला की निवेदन फसते.

'अपेक्षित काय होते' हा रकाना साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचारप्रवण करणारा आहे. वाचक कोऱ्या मनाने संहितेकडे येत नाही, अपेक्षांचे एक क्षितिज घेऊन येतो, हा सिद्धान्त हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६० नंतरच्या दशकाअखेरीस मांडला. दोषनिवेदनात हे क्षितिज स्वतंत्र रकान्यात लिहूनच द्यावे लागते. अनेकदा असे आढळते, की यंत्रात काहीच बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते कर्त्याने गृहीत धरलेला वापरकर्ता आणि प्रत्यक्ष वापरकर्ता यांचे नाते.

२०१२ साली आलेल्या २.८ या आवृत्तीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या आवृत्तीपासून चित्र 'जतन करणे' आणि 'निर्यात करणे' या दोन क्रिया वेगळ्या करण्यात आल्या. जतन केले की चित्र गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातच राहणार. जेपेग किंवा अन्य प्रकारात हवे असेल तर ते निर्यात करावे लागणार. कर्त्यांची भूमिका अशी, की चित्राचे स्तर आणि त्यावरील कामाचा तपशील केवळ मूळ प्रकारातच सुरक्षित राहतो. जेपेगमध्ये तो गळून पडतो, आणि 'जतन' या शब्दाने काही गळून पडता कामा नये. ज्यांना एखादे छायाचित्र उघडून जरासे कातरून परत ठेवावयाचे होते, त्यांना हा बदल जाचक वाटला आणि त्यांनी तो दोष म्हणून कळवला. कर्त्यांनी मूळ प्रकारातील चित्रावर थेट पुनर्लेखन करण्याची एक स्वतंत्र आज्ञा ठेवली, पण भेद मात्र सोडला नाही, ३.० मध्येही तो कायम आहे. येथे कोण बरोबर हा प्रश्न गौण आहे. वाद अखेरीस एका क्रियापदाच्या अर्थाचा होता, आणि अर्थाचा वाद हा भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारातील विषय आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

नावाविषयीच्या वादातूनही हेच दिसते. 'गिम्प' ही इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांची जुळणी. पण इंग्रजीत तो शब्द पायाने अधू असलेल्या माणसाला हिणवण्यासाठीही वापरला जातो. शाळा-कचेऱ्यांत असे नाव चालणार नाही, असे अनेकांनी कळवले. कर्त्यांनी नाव बदलले नाही, तेव्हा २०१९ साली काही जणांनी 'ग्लिम्प्स' या नावाने त्याच संहितेची वेगळी शाखा काढली; ती २०२१ साली बंद पडली. मराठी, तमिळ किंवा असमिया भाषकाला त्या नावात काहीच खुपत नाही. जे एका भाषेत दोष आहे ते दुसऱ्या भाषेत दिसतच नाही. या वाक्याची उलट बाजू अधिक गंभीर आहे आणि भारतीय अभ्यासकाचा संबंध तिच्याशी येतो.

मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा संबंध गुरूशी, दुसऱ्याचा स्वयंपाक करणाऱ्याशी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद केवळ रफार आणि अर्धा र यांच्या आकृतींनी दाखवला जातो. हिंदीच्या वाचकाला या अर्ध्या 'र'ची गरज पडत नाही. समजा, एखाद्या चित्रावर मराठी मजकूर टाकताना 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. चित्र नीट उघडते, आज्ञावली बंद पडत नाही, अक्षरे सुबक दिसतात, देवनागरी जाणणाऱ्या परप्रांतीयाला शब्दही ओळखीचा वाटतो. दोष झाला आहे हे मराठी वाचकाखेरीज जगात कोणालाच कळू शकत नाही. त्याने ते सांगितले नाही तर तो दोष अस्तित्वातच नाही.

'ल' आणि 'श' यांची गोष्टही अशीच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली देवनागरी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात या दोन अक्षरांच्या मराठी वळणांचा आग्रह होता. संगणकाच्या संकेतप्रणालीत मात्र मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांना एकच क्रमांक आहे. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा कोणती हे सांगितले तर त्यांतील योग्य ते निवडले जाते. गिम्पच्या अक्षरसाधनात भाषा निवडण्याची सोय आहे. तथापि ही साखळी कोठेही तुटली की मराठी मजकूर हिंदी वळणाने उमटतो आणि तो 'चुकला' असे म्हणावयास यंत्राला कोणताच आधार उरत नाही. 'ॲ' या अक्षराला तर स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल आणि युनिकोडची ५.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. असे क्रमांक आपोआप मिळत नाहीत; त्यासाठी कोणाला तरी लेखी प्रस्ताव सादर करून अक्षराची गरज पुराव्यानिशी पटवून द्यावी लागते.

दोष दिसला तरी तो नेमका कोठे उपजला हे शोधणे हे पुढचे काम. आणि येथे भारतीय विद्येची एक परंपरा थेट उपयोगी पडते. गिम्पमधील मजकूर एका हाताने लिहिला जात नाही. कळफलकाची व्यवस्था अक्षरांचे क्रमांक पुरवते. 'पँगो' नावाचा संग्रह मजकुराची मांडणी करतो. 'हार्फबझ' नावाचा दुसरा संग्रह जोडाक्षरांची आकृती ठरवतो. टंक त्या आकृती पुरवतो. आणि गिम्प त्यांना चित्रात बसवते. 'पँगो' हे नाव ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा यांवरून आले आहे. 'हार्फबझ' हे फारसीतील 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे खुले यांवरून. त्यांतील 'हर्फ' मराठीत 'हरफ' या रूपाने जुनाच आहे. या पाच हातांपैकी चूक कोणाची?

हा प्रश्न पाठचिकित्सकाच्या नित्य परिचयाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. वि. स. सुखठणकर यांनी १९२५ पासून प्रमुख संपादक या नात्याने तिला जी शिस्त लावली, तिच्या मुळाशी हाच विचार होता : पोथ्यांची कुळे लावावयाची आणि कोणता पाठ कोणत्या कुळात शिरला हे पाहावयाचे. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक आढळली, तर ती दोघींच्या समान पूर्वज पोथीतून आली असण्याचा संभव अधिक. दोषनिवेदन लिहिणाऱ्यानेही हेच करावयाचे असते. तीच अक्षरे दुसऱ्या टंकात नीट उमटली, तर संशय पहिल्या टंकावर. सगळ्याच टंकांत, शिवाय त्याच हार्फबझवर चालणाऱ्या फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस यांतही तीच चूक आढळली, तर संशय समान पूर्वजावर. तेथे बरोबर आणि केवळ गिम्पमध्ये चूक, तर शोध गिम्पपासून सुरू करावा. पूर्वजाच्या ठिकाणी झालेली एक दुरुस्ती सर्व वंशजांना पोचते, म्हणून चुकीचे कूळ अचूक सांगणारे एक निवेदन शंभर संतप्त निवेदनांहून मोलाचे असते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि पुढे तीत कोणी आपली ओवी मिसळू नये अशी विनवणी केली. प्रक्षेपाची भीती त्यांना होती, कारण पोथीत मिसळलेल्या ओवीवर मिसळणाऱ्याचे नाव नसे. मुक्तस्रोत संहितेने या भीतीला वेगळे उत्तर दिले. तेथे भर घालण्यास मज्जाव नाही. पण प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी केला याची नोंद कायम राहते. म्हणजे पाठभेदांची तळटीप संहितेबरोबरच जन्माला येते. भाषाविभागांच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना याहून जिवंत साधन सापडणे कठीण.

अशा स्थितीत भारतीय भाषांचे निवेदन फारसे ऐकू का येत नाही? निवेदन इंग्रजीत लिहावे लागते, हे पहिले कारण. मराठीतील चूक मराठी न जाणणाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगणे हे अनुवादाचेच काम आहे, आणि ते सोपे नाही. शब्दाचा अर्थ, उच्चार, योग्य आकृती आणि चुकीची आकृती या चारही गोष्टी परक्या वाचकापुढे ठेवाव्या लागतात. निवेदनांचा निकाल ज्या शब्दांत लागतो, ते दुसरे कारण. १९९८ साली निघालेल्या 'बगझिला' या नोंदव्यवस्थेत, आणि गिम्पची नोंदवही २०१८ पर्यंत याच व्यवस्थेत होती, निवेदन बंद करताना काही ठरीव शेरे मारले जात : 'पुनरुक्त', 'दुरुस्त करणार नाही', 'हा दोष नव्हे', 'माझ्याकडे चालते'. यांतील शेवटचा शेरा भारतीय भाषांच्या बाबतीत विशेष घातक आहे. ज्याला 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेदच वाचता येत नाही, त्याच्याकडे सर्व काही चालतच असते. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे पुरावा ठेवला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरे कारण अधिक अडचणीचे आहे. ज्यांच्याजवळ हा पुरावा असतो ते भाषेचे अभ्यासक हे काम तंत्रज्ञांचे समजून बाजूला होतात. पोथ्यांची छायाचित्रे स्वच्छ करणे, नियतकालिकांची मुखपृष्ठे सिद्ध करणे, चर्चासत्रांची भित्तिपत्रके काढणे ही कामे विद्यापीठांत आता संगणकावरच होतात. अक्षर चुकले की कोणी ते हाताने जुळवून घेतो, कोणी वाक्यच बदलतो, कोणी दुसरी आज्ञावली धरतो. तात्पुरती अडचण भागते, पण चूक पुढच्यासाठी तशीच राहते. पोथीतील अपपाठ ओळखूनही समासात न नोंदवणाऱ्या लेखनिकासारखेच हे वर्तन आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विद्यापीठातील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी अशा निवेदनांत वेळ घालवावा, हे विनामोबदला श्रम नव्हेत काय? आक्षेपात तथ्य आहे. पण ज्यांनी ही आज्ञावली लिहिली त्यांपैकी बहुतेकांचे श्रमही तसेच आहेत, आणि त्यांचे फळ विद्यापीठे गेली अनेक वर्षे घेत आली आहेत. शिवाय अपेक्षा वाट पाहण्याचीही ठेवावी लागते. प्रत्येक रंगवाहिनीसाठी आठ बिटांहून अधिक खोली मिळावी ही मागणी जुनी होती. चित्रपटव्यवसायातील लोकांनी तर त्यासाठी वेगळी शाखाच काढली होती. गिम्पमध्ये ती खोली २०१८ च्या २.१० या आवृत्तीत आली, कारण तिच्यासाठी आतील सारे यंत्रच बदलावे लागले. मागणी योग्य असली तरी ती पुरी करणारे हात मोजके असतात, याचे भान निवेदनाच्या भाषेत उमटले पाहिजे. उद्दामपणा आणि लाचारी या दोन्ही टोकांपासून दूर राहिलेले, पुराव्यावर उभे असलेले गद्य ही या प्रकाराची खरी शैली आहे. आपल्या विद्यार्थ्यांना असे गद्य लिहिता यावे, अशी इच्छा प्रत्येक भाषाविभागाची असतेच.

दुसरा आक्षेप असा, की व्यापारी कंपन्या भारतीय लिप्यांची सोय आता स्वतःच करतात. मग ही उठाठेव कशाला? कंपनी तिच्या बाजारपेठेला जे हवे ते करील, यात शंका नाही. परंतु ज्या भाषांना बाजारपेठ नाही त्यांचे काय? मराठीचे भाषक काही कोटी आहेत. बोडो, संथाळी किंवा कोकणी यांच्या अक्षरांतील बारकावे केवळ बाजाराच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. ज्या संहितेत बाहेरच्या माणसाला दोष दाखवता येतो आणि दुरुस्तीही सुचवता येते, त्या संहितेतच लहान भाषेला दाद मागण्यास जागा राहते.

येथे केंद्रीय विद्यापीठांची जबाबदारी वेगळी ठरते. प्रांतोप्रांतीच्या विद्यापीठांत सहसा एकाच भाषेचे बळ असते. केंद्रीय विद्यापीठांत अनेक भाषांचे अध्यापक एका आवारात भेटतात. प्रत्येक भाषेने आपल्या लिपीतील कठीण स्थळे ज्यात एकत्र आली आहेत असा एक लहानसा कसोटीचा मजकूर तयार करावा. मराठीपुरते बोलावयाचे तर त्यात अर्धा र, 'ॲ' आणि 'ऑ', मराठी वळणाचे ल आणि श, 'ळ'ची जोडाक्षरे यांना स्थान असावे. प्रत्येक नव्या आवृत्तीत तो उमटवून पाहावा. चूक आढळली तर तिचे कूळ लावावे आणि तिचे निवेदन इंग्रजीत सिद्ध करावे. अनुवादाच्या अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिक आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात एक प्रकरण, एवढ्याने हे काम उभे राहू शकते. त्यासाठी नव्या विभागाची गरज नाही की मोठ्या अनुदानाचीही नाही.

छपाई आली तेव्हा देवनागरीच्या खिळ्यांचे वळण कोणी ठरवले, आणि कोणती अक्षरे गैरसोयीची म्हणून बाजूला पडली, याची चर्चा अभ्यासक आजही करतात. ती चर्चा मागे वळून पाहणारी आहे; निर्णय केव्हाच होऊन गेले आहेत. संगणकातील अक्षरांचे निर्णय मात्र अजून होत आहेत, ते उघड्यावर होत आहेत, आणि त्यांत बोलण्याची मुभा कोणालाही आहे. नंतरच्या अभ्यासकांनी आजची नोंदवही उघडून पाहिली, तर भारतीय भाषांच्या नावापुढे त्यांना काय आढळेल, हे आजच्या भाषाविभागांनीच ठरवावयाचे आहे.